बायनाक्का तंबूतच राहिली

इस्लामपुरात मी साधी कोथिंबीर आणायला गेले तरी कुणीतरी अडवतंच. "मॅडम, बायनाक्काला तुमीच नेलती न्हवं?" विचारणाऱ्याची नजर अशी, की मी बायका पळवणाऱ्या टोळीतली आहे. सुरुवातीला मी सगळं समजावून सांगत बसायची. आता सरळ म्हणते, "हो, मीच नेली. तुम्हाला यायचंय का?" मग माणूस पेंडी पिशवीत टाकून चालू लागतो.

खरं सांगू? मलाच अजून त्या धक्क्यातून बाहेर येता आलेलं नाही. सगळी नोकरी मी शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून केली. पोरांना शिट्टीवर पळवलं, वाकवलं, रडवलं. कोण किती पाण्यात आहे हे आपल्याला चालण्यावरून कळतं, असा माझा समज. आणि भिंतीपलीकडची बाई मला इतक्या वर्षांत कळली नाही. काय म्हणावं आता!

बायनाक्काच्या आणि माझ्या घरामध्ये कमरेएवढी भिंत. त्यांचं घर भरलेलं. ऊस, म्हशी, दोन मुलगे, सुना, नातवंडं, आणि आबा. आबा म्हणजे तिचा नवरा. उंचापुरा गडी, डोक्यावर पांढरी टोपी. गावात कुणाच्या बांधाचं भांडण असो, भावाभावांची वाटणी असो, आबांना बोलवायचे. आबा दोन्हीकडच्यांना विचारायचे, ज्याची चूक उघड दिसतेय त्यालाही विचारायचे, आणि मगच तोंड उघडायचे. म्हणून तर गाव त्यांचा शब्द खाली पडू देत नसे. एवढा विचारून विचारून न्याय देणारा माणूस, पण घरात बायकोला त्यांनी कधी काही विचारलं असेल तर शपथ!

मुद्दाम नव्हे हं. शिवी नाही, हात उगारणं नाही. फक्त विचारायचं असतं हेच त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. नवीन घर बांधलं, तेव्हा स्वयंपाकघरातला ओटा गवंड्यानं आपल्या अंदाजानं बांधला. बायनाक्का बुटकी. शेगडी तिच्या छातीशी आली. वास्तुशांत झाली, जेवणावळी उठल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून ही पाटावर उभी राहून भाकरी थापायला लागली. मी म्हटलं, "आक्का, सांगायचं नाही का गं?" तर हसली. "कुणाला सांगू? इचारलं असतं तर सांगितलं असतं."

आणि ती स्वतः? ती सगळ्या जगाला विचारायची. माझ्या दारातला कढीपत्ता तोडायच्या आधी विचारायची, तेही मला नव्हे, झाडाला. "दोन डहाळ्या घेते गं, चालंल न्हवं?" म्हशीखाली बसायच्या आधी तिच्या पाठीवर हात ठेवून, "बसू का गं?" मला हसू यायचं. एकदा मी तिला चिडवलं, "म्हैस नको म्हणाली तर काय करशील?" ती म्हणाली, "मग थांबायचं वाईच. न इचारता कुणाला हात लावू न्हाई, बाई."

आम्हा बायकांचा एक गट होता. निवृत्त शिक्षिका, एक बँकेतली, एक नर्स. दर मे महिन्यात आम्ही हिमाचलात जायचो. तिथं एका राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवर ठाकूरजी नावाच्या पहाडी माणसाचा कॅम्प आहे. देवदारांच्या खाली तंबू, शेजारी ओढा, वर डोंगरावर बर्फ. सकाळी रानवाटेनं चालायचं, पक्षी बघायचे, ओढ्यात पाय सोडायचे, तंबूत झोपायचं. गावात आम्हाला 'तंबूबाया' म्हणायचे. म्हणेनात का!

निघायच्या आधी नव्या बायकांना तंबू ठोकायला शिकवायचं म्हणून मी मागच्या मोकळ्या प्लॉटवर सराव घेत होते. बायनाक्का भिंतीवरून बघत होती. मग पदराला हात पुसत आली. "आत जाऊ का?" म्हणाली. मी म्हटलं जा. ती आत गेली, आणि बाहेरच येईना. मी वाकून बघितलं तर बाई गाढ झोपलेली!

भरदुपार. आबा शेतावरून आलेले, सून "आत्ती, आत्ती" करत गल्ली पालथी घालतेय, आणि ही तंबूत घोरतेय. आमच्याकडं म्हातारपणी दुपारी पडणारी बाईसुद्धा चोरासारखी पडते, उशाला घड्याळ घेऊन. मला तिला उठवायचं धाडसच झालं नाही. उन्हं कलल्यावर उठली, डोळे चोळत म्हणाली, "लय दिसांनी झोप लागली बगा. भिंती असल्या की कान घरभर फिरत्यात. हितं निवांत पडलं."

मी म्हटलं, "मग चल की आमच्याबरोबर."

तिनं रात्री आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "उसाला पाणी सोडायचंय." एवढंच. मी विचारलं, मग जायचं की नाही? तर ती म्हणते, "न्हाई म्हणालं न्हाईत, तवा जायाचं." थोरल्या प्रकाशनं तिकीट काढून दिलं, कारण त्याच्या मते उत्तरेला जायचं म्हणजे वाटेत हरिद्वार असणारच. मीही त्याचा गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत पडले नाही.

कॅम्पात गेल्या गेल्या ठाकूरजींनी सगळ्यांना नियम सांगितला. खाण्याची कुठलीच वस्तू तंबूत ठेवायची नाही, सगळं स्वयंपाकाच्या छपरातल्या पत्र्याच्या पेटीत. वासानं अस्वल येतं. आम्ही दशम्या, चटण्या, लाडू, सगळं निमूट काढून दिलं. बायनाक्कानंही दिलं. फक्त एक पुरचुंडी ठेवून घेतली. सुकट! गटातल्या निम्म्या बायका माळकरी. त्यांच्या खाण्याला मासळीचा वास लागू नये म्हणून या शहाणीनं ती आपल्या उशाखाली ठेवली. दुसऱ्याचा विचार करायची सवय, दुसरं काय! आणि तिच्या शेजारी झोपलेली कोण? मी.

पहाटे उजाडायला लागलं होतं. बायनाक्कानं मला हलवलं. "बाई, म्हस आलीया."

मी डोळे उघडले. तंबूचं कापड आत ढकललं जात होतं, आणि त्यावर नाकाड उमटलं होतं. काळं धूड पलीकडं फुसफुसत होतं. माझ्या गळ्यात शिट्टी होती. जन्मभर फुंकलेली शिट्टी, पण तोंडात थुंकीच राहिली नाही तर फुंकणार काय? बायनाक्का मात्र उठून बसली, कापडाकडं बघितलं, उशाखालची पुरचुंडी काढली आणि खालच्या फटीतून हळूच बाहेर सरकवली. गोठ्यात बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "हं, घे. आनि जा आता गुमान."

आणि गेलं की ते! पुरचुंडी घेऊन गेलं.

आम्ही जाऊन सांगितलं, तेव्हा ठाकूरजी पांढरेफटक पडले. त्यांनी तिला जे झापलं, ते मीसुद्धा कधी कुणाला झापलं नसेल. नशीब म्हणून वाचलात, म्हणाले, आणि खरंच होतं ते. बायनाक्का खाली मान घालून ऐकत होती. चूक झाली म्हणाली, कान धरले. मग माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "पर बाई, त्येनं बी आधी हुंगून इचारलं की. एकदम न्हाई घुसलं."

मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यानंतर कॅम्पाच्या स्वयंपाक्याच्या घरून निरोप आला, आई आजारी आहे म्हणून, आणि तो निघून गेला. ठाकूरजी हवालदिल. कॅम्पात दिल्लीची कॉलेजची पोरं उतरलेली, भुकेजलेली. बायनाक्का छपरात गेली. "भाकरी करू का?" तिथं ओटा नव्हता, जमिनीवरची चूल होती. ती मांडी घालून बसली आणि मक्याच्या पिठाच्या भाकरी थापायला लागली. पोरं ताटं घेऊन रांगेत. प्रत्येकाला विचारायची, "अजून वाढू?" त्यांना मराठी येत नव्हती, हिची हिंदी मोडकीतोडकी, आणि एकही पोर अर्धपोटी उठलं नाही.

दुपारी ती ओढ्यात पाय सोडून बसायची. बर्फाचं पाणी, आमचे पाय क्षणात बधिर व्हायचे, तिला काही नाही. एकदा मी विचारलं, "काय बघतीस गं एवढं?"

"बघत न्हाई. कुणी हाक मारत न्हाई, ते ऐकतीया."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण आम्ही हसलो नि सोडून दिलं.

निघायच्या दिवशी जीपवर सामान चढलं. बायका चढल्या. बायनाक्का चुलीपाशी लाकडं रचत होती. मी ओरडले, "आक्का, आवर!" ती आली, हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "बाई, मी येत न्हाई."

"येत नाही म्हणजे?"

"ठाकुरानं इचारलं. माताजी, सीझनभर ऱ्हाणार का म्हणून. मी म्हटलं, इचार करून सांगते." हे सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की मी बघतच राहिले. "इचार करून सांगते, असं मी जन्मात पयल्यांदा म्हटलं बगा. मग केला इचार. ऱ्हाते."

मी रागावले, समजावलं, धमकी दिली, शेवटी रडकुंडीला आले. मी गावात काय तोंड दाखवू! ती माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "तुमी काय केलंय? तुमी तर इचारूनच आणलंत मला."

मी तिथूनच आबांना फोन लावला. सांगितलं. मग आबा म्हणाले, "उद्या उसाला पाणी हाय. घिऊन या तिला."

"आबा, त्या येत नाही म्हणतात."

"म्हंजी?"

"म्हणजे येत नाहीत."

फोन बंद झाला.

गावात जो गहजब झाला तो काय वर्णावा! कुणी म्हणे बायनाक्काला अस्वलानं खाल्लं, मॅडम लपवतेय. कुणी म्हणे संन्यास घेतला. लेकरं टाकून गेली म्हणून बायका माझ्या तोंडावर बोलायच्या. लेकरं केवढी? धाकट्याला टक्कल पडलंय! आबा भिंतीपलीकडून माझ्याकडं बघेनासे झाले, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मग घरात बैठक बसली आणि निष्कर्ष निघाला की आक्का रुसली आहे. रुसून माहेरी बसलेल्या सुनेला आणायची आमच्याकडं एक रीत आहे. घरची चार माणसं साडीचोळी नि नारळ घेऊन जातात, समजूत काढतात, साडी नेसवतात आणि सून परत येते. झालं! आबांचे धाकटे भाऊ तात्या, त्यांची बहीण वत्सलाताई आणि प्रकाश, हिरवी साडी, खण नि नारळ घेऊन मिरजेहून दिल्लीच्या गाडीत बसले. सुनेला माहेराहून आणतात तसं सासूला हिमाचलातून आणायला! आणि "तुमी नेलीया, तुमीच दावा" म्हणून मला बरोबर घेतलं.

बायनाक्कानं त्यांना वाटेवर बघितलं आणि धावत आली. नणंदेच्या गळ्यात पडून रडली. प्रकाशच्या तोंडावरून हात फिरवला, वाळलास म्हणाली. गुळाच्या पुरणपोळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्या तंबूची चेन अडकली, तर तात्या आतून ओरडायला लागले, "वयनी, मला गाडलं गं!" तिनं हसत हसत चेन सोडवली, त्यांच्या हातात चहा दिला.

मग वत्सलाताईंनी साडी पुढं केली. "चल आता वयनी. झालं गेलं इसर."

"काय झालं गेलं?" बायनाक्का म्हणाली. "मी रुसल्याली न्हाई."

"आई," प्रकाश म्हणाला, "लोक काय म्हणत्यात ठावं हाय का?"

"लोकास्नी हितं आण. थंडीत बसव वाईच. बोलायचं बंद हुत्यात."

"घर उघडं पडलंय गं," वत्सलाताई रडायलाच लागल्या.

तेव्हा मात्र तिचेही डोळे भरले. "मला काय घर नको व्हय? नातवंडं सपनात येत्यात माझ्या. पर घरधन्यास्नी सांगा, या म्हणावं हितं. आनि मला इचारा म्हणावं, येतीस का. मी व्हय म्हणंन का न्हाई, ते मला आज ठावं न्हाई. पर इचारलं पायजे. एवढंच हाय माझं."

तिनं साडी घेतली, नमस्कार केला, आणि त्याच खणानारळानं नणंदेची ओटी भरली. माहेरहून बाईची पाठवणी करतात तशी तिनं आम्हा सगळ्यांची पाठवणी केली. प्रत्येकाच्या हातात राजम्याची पिशवी. आणायला गेलेली माणसं राजमा घेऊन परत!

तिचा निरोप आबांना सांगायचं काम अर्थात माझ्याच गळ्यात पडलं. ते ऐकून आबा भिंतीवर हात ठेवून उभेच राहिले. "मी? मी इचारू?"

माझी मग सटकलीच. "का? गावात बांध कोरणाऱ्यालासुद्धा विचारता की, बाबा का कोरलास म्हणून! ती काय त्याच्याहून वाईट आहे?"

आबा आत निघून गेले. सगळा पावसाळा गेला, काही हालचाल नाही. आणि एक दिवस त्यांच्या स्वयंपाकघरातून ठोकाठोक ऐकू आली. मी जाऊन बघते तो गवंडी ओटा फोडतोय. आबा शेजारी उभे. मला बघून बऱ्याच दिवसांनी हसले. "ओटा खाली घेतोय, बाई. तिला उंच व्हत हुता. आता इल न्हवं?"

किती उशिरा, पण दिसलं तर खरं! मला गहिवरून आलं. पण जीभ कुठली राहते माझी. मी विचारलं, "किती खाली हवा, ते विचारलंत का तिला?"

आबांचं हसू तिथंच विरलं. गवंड्याचा हात थांबला. आबांनी त्या फोडलेल्या ओट्याकडं एकदा बघितलं. मग टोपी सारखी केली आणि म्हणाले, "तिकीट काडा."

आम्ही पोचलो तेव्हा तिथं कडाक्याची थंडी सुरू झाली होती. हंगाम संपत आला होता, पाहुणे गेले होते. आता बर्फ पडेपर्यंत तंबू उतरवायचे, वाळवायचे, घड्या घालून ठेवायचे, एवढंच काम उरलेलं. गंमत बघा, थोड्या दिवसांनी कॅम्प बंदच होणार होता. ती तशीही घरी आली असती. हे आबांना ठाकूरजींनी आल्या आल्या सांगितलं. मला वाटलं, सुटले आबा! आता कशाला विचारतायत!

बायनाक्का पुढं आली. अंगात ठाकूरजींच्या बायकोचा लोकरी कोट, डोक्याला रुमाल. चेहरा उन्हानं रापलेला. "आलासा? बसा. च्या घेता का?"

आबांनी चहा घेतला. मग ओढ्याकाठच्या दगडावर बसले. ती समोर बसून तंबूच्या दोऱ्या गुंडाळत होती.

"थंडी लय हाय," आबा म्हणाले.

"हाय."

"उसाला तुरा आलाय."

"येणारच की."

बस्स. सूर्य डोंगराआड गेला तरी पुढचं वाक्य नाही. मला वाटत होतं जाऊन गदागदा हलवावं या माणसाला. दोन दिवस गाडीत बसून आलात ते थंडी मोजायला का हो? बायनाक्काही तशीच. एका शब्दानं मदत करेना. दोऱ्या संपल्या, उठून भाकरी करायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला निघायचं होतं. त्यानंतर माझ्या गुडघ्यांनी मला वर जाऊ दिलेलं नाही, त्यामुळं तिथली बायनाक्का मी पाहिली ती तेवढीच. गवतावर दव गोठलं होतं. ती एकटीच एका मोठ्या तंबूची घडी घालायला बसली होती. मी निरोप घ्यायला तिच्याजवळ गेले, तेवढ्यात आबा आले. अंगावर घोंगडी, दाढी वाढलेली. रात्रभर झोपले नसावेत. तिच्यासमोर उभे राहिले आणि डोक्यावरची टोपी काढली. या माणसाला मी बिनटोपीचा कधी बघितला नव्हता.

ती मान वर करून बघू लागली. आता विचारतील, येतीस का. आता!

आबा म्हणाले, "मी ऱ्हाऊ का हितं?"

मी गारच पडले. ती पण. दोन्ही हात कापडावर तसेच राहिले.

"तू म्हणशील तवर," आबा म्हणाले. "न्हाई म्हणालीस तर जातो बाईंच्या संगं. पर इचारतोय."

तिनं डोळ्याला पदर लावला नाही की काही नाही. त्यांच्याकडं खालपासून वरपर्यंत नीट बघितलं. घाई नाही.

"भांडी घासाय येत्यात?"

"शिकीन."

"लाकडं?"

"फोडीन."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "थांबा मग. ठाकुराला इचारून येते. तंबू त्येचा हाय." आणि छपराकडं चालायला लागली, अगदी नेहमीच्या चालीनं.

जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी जाऊन बसले. वळणावरून मागं बघितलं, तर ज्यांच्या एका शब्दासाठी गाव दारात ताटकळायचं ते आबा टोपी हातात धरून त्या अर्ध्या घडीपाशी उभे होते. ती अजून बाहेर आली नव्हती.